झाडलेल्या पुंगळीवर डीएनए उरतो का? उष्णता, पितळ आणि पुराव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि ग्रामीण हद्दीतले तपास अधिकारी, दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: गोळी उडाली की उष्णतेने सगळं जळून जातं, मग पुंगळी (गोळी उडाल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं नळकांडं) जपून उचलायची कशाला? या समजुतीपायी कामाचा पुरावा उघड्या बोटांनी उचलला जातो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होतो.

गोळी उडताना एवढी आग होते, तर पुंगळीवर डीएनए राहीलच कसा?

दारू जळताना आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, हे खरं. पण ते आत, आणि एक-दोन मिलिसेकंदांपुरतं. काडतूस भरणाऱ्याच्या बोटांचा डीएनए असतो बाहेरच्या बाजूला.

हिशेब करून बघा. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसात साधारण ०.३५ ग्रॅम दारू असते आणि तिच्यातून दीड हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते. त्यातले पाचशेच्या आसपास ज्यूल गोळी घेऊन जाते, बराच मोठा वाटा तापलेल्या वायूबरोबर नळीच्या तोंडातून बाहेर पडतो, काही नळी तापवण्यात जातो. रिकामी पितळी पुंगळी असते चार ग्रॅमची. एक ग्रॅम पितळ एक अंशाने तापवायला ०.३८ ज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या पुंगळीला एका अंशासाठी दीड ज्यूल. तिच्या वाट्याला ६० ज्यूल आले, म्हणजे एकूण ऊर्जेच्या जेमतेम चार टक्के, तर ती ४० अंशांनी तापेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ मिमी पुंगळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान प्रत्यक्ष मोजलं गेलं, ते सरासरी ६३ अंशांच्या आसपास आलं. हिशेब आणि मोजणी एकमेकांना धरून आहेत.

पुंगळी मानेवर पडली तर चटका बसतो, कारण ६० अंशांचं पितळ कातडीला सहन होत नाही. डीएनएचं तसं नाही.

किती तापमानाला डीएनए खरोखर नष्ट होतो?

९० ते ९५ अंशांना डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींपासून सुटतात. त्याला नाश म्हणत नाहीत. प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) करताना आम्ही तोच डीएनए दर फेरीला ९५ अंशांच्या आसपास नेतो, आणि अशा २८ ते ३० फेऱ्या होतात. कोरडा डीएनए साधारण १३० अंशांपासून तुटायला लागतो आणि १९० अंशांच्या सुमारास पुरता संपतो. ओलसर डीएनए मात्र याहून बऱ्याच कमी तापमानालाही हळूहळू तुटतो, कारण पाणीच साखळी तोडायला मदत करतं. घामाने ओल्या बोटांनी भरलेलं काडतूस आणि कोरड्या बोटांनी भरलेलं काडतूस यांत म्हणूनच फरक पडतो. घामाबरोबर पेशी जास्त येतात, पण ओल आणि मीठही येतं.

मग उष्णतेचा काहीच परिणाम होत नाही, असं साक्षीत सांगायचं का?

नाही. झाडलेल्या पुंगळीवर न झाडलेल्या काडतुसापेक्षा कमी डीएनए मिळतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. फक्त त्या घटीचं सगळं खापर उष्णतेवर फोडता येत नाही.

उष्णता खरोखर घातक ठरते ती तीन ठिकाणी. सलग फैरी झाडल्याने शस्त्राचा कोठा (नळीच्या मागची, काडतूस बसण्याची जागा) आधीच तापलेला असतो आणि पुढचं काडतूस त्यात काही काळ पडून राहतं, तेव्हा. रायफलच्या काडतुसात, जिथे दारू पिस्तुलाच्या कित्येक पट असते आणि पुंगळीचा गळा अंगापेक्षा जास्त तापतो. आणि वायू पुंगळीच्या बाहेरून मागे येतो तेव्हा. नाशिकच्या कामात तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे जप्त होणाऱ्या हत्यारांत गावठी कट्टे असतात.

गावठी कट्ट्यातल्या पुंगळीचं वेगळं काय असतं?

कारखान्यात बनलेल्या पिस्तुलात गोळी उडताच पुंगळीची पातळ भिंत दाबाने फुगते आणि कोठ्याच्या भिंतीला घट्ट बसते. ९ मिमीमध्ये हा दाब २३०० बारच्या घरात जातो. भिंत अशी चिकटली की वायूला मागे यायला वाट राहत नाही, त्यामुळे पुंगळीची बाहेरची बाजू आगीपासून झाकली जाते. जास्तीत जास्त तोंडाजवळ काजळीची अरुंद पट्टी दिसते.

कट्ट्याचा कोठा बऱ्याचदा साध्या पाइपचा असतो, मापात सैल आणि आतून खडबडीत. .३१५ सारखं रायफलचं काडतूस त्यात घातलं की पुंगळी एका बाजूला फुगते, कधी उभी चिरते आणि तापलेला वायू फटीतून बाहेरच्या बाजूवरून मागे सरकतो. अशा पुंगळीवर काजळी अर्ध्या अंगापर्यंत, कधी बुडापर्यंत आलेली असते. काजळीखालच्या भागावर भरणाऱ्याचा डीएनए मिळण्याची आशा कमीच धरायची.

पण कट्ट्याची दुसरी बाजू तपासाच्या फायद्याची आहे. त्यातून पुंगळी आपोआप उडून पडत नाही. नखाने बुडाची कड धरून ओढावी लागते, नाहीतर नळीतून सळई घालून मागे ढकलावी लागते. म्हणजे गोळी उडाल्यानंतर पुंगळीला पुन्हा हात लागतो, आणि या स्पर्शाने आलेला डीएनए आगीतून गेलेलाच नसतो. तो बुडाच्या कडेला आणि कडेखालच्या खाचेत असतो. कट्ट्यातली पुंगळी हाती आली की ही कड वेगळ्या स्वॅबने घ्यावी, अंगाच्या स्वॅबमध्ये मिसळू नये. एवढ्या एका गोष्टीने निकाल बदलू शकतो, तरी अहवालांत "पुंगळीचा स्वॅब" असा एकच शब्दप्रयोग सर्रास दिसतो.

उष्णता नाही, तर डीएनए जातो कुठे?

तीन वाटांनी.

पहिली म्हणजे मुळात येतोच कमी. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग). मॅगझिनमध्ये काडतूस दाबताना अंगठ्याचा टोकाचा भाग क्षणभर लागतो, आणि बोटावरच्या वरच्या थरातल्या पेशींत अखंड केंद्रक बहुधा नसतंच. हाती लागणारा डीएनए बऱ्याचदा शंभर पिकोग्रॅमच्या खालीच असतो. माणसागणिक बदलणारे डीएनएचे छोटे पुनरावृत्त तुकडे तपासणारं एसटीआर किट निवांत चालायला ५०० ते १००० पिकोग्रॅम लागतात.

दुसरी वाट घासण्याची. पुंगळी फुगून कोठ्याला चिकटते आणि लगेच मागे ओढली जाते. त्या ओढीत अंगावरच्या पेशी कोठ्याच्या भिंतीला पुसल्या जातात. नंतरच्या फैरीची पुंगळी त्यातल्या थोड्या उचलूही शकते. एका पुंगळीवर दुसऱ्या काडतुसाला हात लावणाऱ्याचा अंश मिळाला, तर हीही शक्यता विचारात घ्यावी.

तिसरी वाट पितळाची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबट ओलाव्यात तांबं उतरतं, पुंगळीवरच्या घामाच्या थरातही तेच होतं. सुटलेले तांब्याचे आयन ऑक्सिजनच्या मदतीने अतिशय क्रियाशील रेणू तयार करतात आणि ते डीएनएची साखळी जागोजाग तोडतात. एवढ्यावर भागत नाही. स्वॅबबरोबर हेच तांबं नळीत गेलं की पीसीआरच्या एन्झाइमचं काम अडवतं, म्हणजे वाचलेला डीएनएही मोजणीत दिसेनासा होतो. गोळी झाडण्याची उष्णता काही सेकंदांची असते. पितळ मात्र काडतूस भरल्या दिवसापासून स्वॅब घेईपर्यंत अखंड काम करत असतं.

निकेलचा मुलामा असलेल्या, ॲल्युमिनियमच्या किंवा लाखेचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या या बाबतीत बऱ्या ठरतात.

१२ बोअरच्या, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसाचं काय?

त्याचं अंग बहुधा प्लॅस्टिकचं आणि बूड धातूचं असतं. प्लॅस्टिकवर तांब्याचा त्रास नाही, पृष्ठभागही मोठा. दोन्ही भागांचे स्वॅब वेगवेगळे घ्या आणि प्लॅस्टिकच्या भागाला प्राधान्य द्या. तोंडाकडची उलगडलेली, वितळल्यासारखी दिसणारी कड सोडून दिली तरी चालते.

रिव्हॉल्व्हर असेल तर?

पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात, म्हणून घटनास्थळी सहसा सापडत नाहीत. हत्यार जप्त करताना सिलिंडरचं कोणतं घर नळीसमोर होतं ते आधी फोटोत घ्या, प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि पुंगळ्या त्याच क्रमाने वेगळ्या ठेवा. सगळ्या एका पाकिटात टाकल्या की क्रम कायमचा गेला.

पिस्तूल असेल तर मॅगझिन विसरू नका. तिच्या ओठांवर आणि आतल्या स्प्रिंगवरच्या पट्टीवर अंगठा प्रत्येक काडतुसागणिक घासतो, आणि या भागांना पुंगळीसारखी धग लागत नाही. पुंगळीवर काही मिळालं नाही आणि मॅगझिनचा स्वॅबच घेतलेला नाही, ही तक्रार प्रयोगशाळांत नवी नाही.

प्रत्यक्षात यश किती मिळतं?

अपेक्षा जमिनीवर ठेवलेली बरी. नेदरलँड्समधल्या ६१६ गुन्ह्यांतली ४०८५ काडतुसं, गोळ्या आणि पुंगळ्या तपासून २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले. वस्तुनिहाय पाहिलं तर सुमारे ७ टक्के वस्तूंवर उपयोगी प्रोफाइल (व्यक्तीशी ताडून पाहता येईल असा डीएनएचा निकाल) मिळालं. गुन्ह्यानिहाय मात्र हे प्रमाण सुमारे २६ टक्के निघालं, कारण एका गुन्ह्यात अनेक वस्तू असतात आणि त्यातली एक जरी बोलली तरी काम होतं. यातून तपास अधिकाऱ्याने घ्यायची गोष्ट सरळ आहे: घटनास्थळी सहा पुंगळ्या असतील तर सहाही तितक्याच काळजीने उचला, आणि न झाडलेलं जिवंत काडतूस सापडलं तर त्याला सोन्यासारखं जपा.

घटनास्थळी पुंगळी उचलायची कशी?

आधी जागेवरच फोटो, मोजपट्टी आणि क्रमांकाच्या खुणेसह. पुंगळीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, ती कशावर पडली आहे (डांबर, फरशी, काळी माती, गवत) याची पंचनाम्यात नोंद. मग नवे नायट्राइल हातमोजे, दोन जोड एकावर एक, आणि वरचा जोड प्रत्येक वस्तूनंतर बदलायचा. तोंडावर मास्क हवाच, कारण वाकून बोलताना उडणाऱ्या थुंकीत पुंगळीवरच्या मूळ डीएनएच्या कित्येक पट डीएनए असतो.

उचलायला एकदा वापरून टाकायचा प्लॅस्टिकचा चिमटा किंवा निर्जंतुक लाकडी काडी घ्या. काडी पुंगळीच्या तोंडात अलगद सरकवून उचलली की बाहेरच्या बाजूला काहीच लागत नाही. लोखंडी चिमट्याने बाहेरून पकडलं तर डीएनए पुसला जातो आणि बॅलिस्टिक्सवाल्यांना (खुणांवरून हत्यार ओळखणाऱ्या तज्ज्ञांना) हव्या असलेल्या खुणांवर नवे ओरखडे पडतात.

काही सवयी मोडायला हव्यात. पुंगळी नाकाशी नेऊन दारूचा वास घेणं. आतली माती फुंकर मारून काढणं. पंचांच्या तळहातावर ठेवून फोटो काढणं. ओळख पटावी म्हणून पुंगळीवर टोकदार वस्तूने आद्याक्षरं कोरणं. खूण पाकिटावर करा, वस्तूवर नाही. आणि पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवणारे अजूनही भेटतात, त्यांच्यासाठी हे वाक्य.

स्वॅब जागेवरच घ्यावा की पुंगळी तशीच प्रयोगशाळेत पाठवावी?

पुंगळी कोरडी असेल आणि लवकर पोहोचणार असेल, तर तशीच पाठवा. प्रयोगशाळेत नियंत्रित हवेत, योग्य द्रवाने काम होतं. ती पावसात भिजलेली असेल किंवा रवानगीला आठवडे लागणार हे दिसत असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून लगेच स्वॅब घेणं चांगलं, कारण ओलं पितळ थांबत नाही.

पद्धत दोन स्वॅबची. पहिल्याचं टोक निर्जंतुक पाण्याच्या एक-दोन थेंबांनी जेमतेम ओलं करायचं, निथळेल इतकं नाही. पुंगळी हळू फिरवत तोंडाकडून बुडाकडे, मग कडेखालच्या खाचेत, हलका पण ठाम दाब देत स्वॅब फिरवायचा, त्याच वेळी स्वॅबचं टोकही फिरत राहिलं पाहिजे. बुडाच्या मधली टोपी, जिथे फायरिंग पिनची खूण असते, ती सोडायची. लगेच दुसरा कोरडा स्वॅब त्याच मार्गाने, म्हणजे पाण्याने सुटलेल्या पेशी तो उचलतो. त्याच बाटलीतल्या पाण्याचा एक कोरा स्वॅब नियंत्रण म्हणून वेगळा. तो नसेल तर उलटतपासणीत "पाणीच दूषित नव्हतं कशावरून?" या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

अनेक पुंगळ्यांवर एकच स्वॅब फिरवून डीएनएचं प्रमाण वाढवता येतं. पण त्या दोन हत्यारांतल्या किंवा दोन माणसांनी भरलेल्या असतील तर मिश्रण हाती येतं आणि ते कोणत्या पुंगळीचं हे कधीच सांगता येत नाही. आमचं मत: आधी प्रत्येकाचा स्वॅब स्वतंत्र, एकत्र करायचंच तर प्रयोगशाळेत, अर्क काढल्यानंतर.

पॅकिंग कशात करायचं?

कागदात. प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलेली ओल बाहेर पडत नाही, आतून दव धरतं आणि पितळ हिरवं पडतं. कागदी पाकिटात पुंगळी सुटी खुळखुळत राहिली तर प्रवासभर कागदावर घासत राहते, म्हणून छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत तोंडात काडी अडकवून ती जागच्या जागी बसवणं सगळ्यात चांगलं. प्रत्येक पुंगळीला स्वतंत्र डबी. लाखेचं सील करताना वितळलेली लाख आणि मेणबत्ती डबीपासून लांब ठेवा. गोळीने जे जाळलं नाही ते सील करताना जाळू नये.

नाशिकच्या हवेचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो गोळीच्या उष्णतेपेक्षा जास्त असू शकतो. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारच्या डांबरी रस्त्यावर पडलेली पुंगळी तासन्‌तास तापत राहते, शिवाय उन्हातले अतिनील किरण डीएनए थेट खराब करतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात वाहतं पाणी पेशी धुऊन नेतं. निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत सापडलेल्या पुंगळीला चिकटलेल्या मातीतली ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारी) पीसीआर अडवतात, आणि द्राक्षबागेत बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झाली असेल तर त्या मातीत तांबंही असतं. माती खरवडू नका. फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारून नोंदवलं तर प्रयोगशाळेला शुद्धीकरणाची पद्धत निवडायला मदत होते.

भिजलेली पुंगळी खोलीत सावलीत, स्वच्छ कागदावर आपोआप सुकू द्या. हेअर ड्रायर नको, जीपच्या बॉनेटवर तर मुळीच नको.

बोटांचे ठसे, बॅलिस्टिक्स आणि डीएनए, आधी काय?

डीएनए आधी. तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली पुंगळी बसवताना ती हाताळली जाते आणि मऊ पुट्टीत रोवली जाते. त्या पुट्टीला याआधी शेकडो पुंगळ्या लागलेल्या असतात. उलट, हलक्या हाताने घेतलेल्या स्वॅबने फायरिंग पिनच्या आणि ब्रीचच्या (कोठ्यामागच्या भिंतीच्या) खुणा बिघडत नाहीत. झाडलेल्या पुंगळीवर तुलनेला पुरेसा ठसा क्वचित मिळतो, म्हणून ठशांसाठीची रसायनं वापरण्याआधी प्रयोगशाळेशी बोला. पितळावर ठसे उठवायला वापरतात ते आम्लयुक्त ब्लूइंग डीएनएला मारक आहे. पुंगळीच्या आतली काजळी रासायनिक तपासणीला हवी असेल तर बाहेरून काम करताना आत द्रव जाऊ देऊ नये.

प्रयोगशाळेत पुढे काय करतात?

साध्या स्वॅबपेक्षा चांगल्या पद्धती आता आहेत. पुंगळी थोड्या द्रवात भिजवून किंवा बाहेरून धुऊन मग स्वॅब घेतला तर खाचांमधल्या पेशीही येतात. अमेरिकेच्या एटीएफ या शस्त्रं आणि स्फोटकांशी संबंधित केंद्रीय संस्थेच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत धुण्याच्या द्रवात बीएसए हे प्रथिन आणि ग्लायसिन-ग्लायसिन-हिस्टिडीन हा तांबं धरून ठेवणारा छोटा पेप्टाइड असतो. तांबं पेप्टाइडला चिकटलं की डीएनएच्या वाट्याला कमी येतं. ईडीटीएही तांबं बांधतो, पण त्याचं प्रमाण जास्त झालं तर पीसीआरला लागणारं मॅग्नेशियमसुद्धा तो बांधून टाकतो.

मग मोजणी. क्वांटिफायलर ट्रायोसारखं किट ८० बेसजोड्यांचा (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचं एकक) छोटा आणि २१४ बेसजोड्यांचा मोठा असे दोन तुकडे मोजतं. छोटा भरपूर आणि मोठा कमी, म्हणजे डीएनए तुटलेला. दोन्ही कमी आणि किटमधलं अंतर्गत नियंत्रणही उशिरा उमटलं, तर नळीत अडथळा करणारं काहीतरी आहे. पुंगळीच्या बाबतीत बहुधा तांबं. पहिल्या प्रसंगात छोट्या तुकड्यांवर चालणारं मिनी-एसटीआर वापरतात, दुसऱ्यात अर्क पुन्हा शुद्ध करतात. "डीएनए मिळाला नाही" हा शेरा येण्याआधी या दोन्हींतला फरक पाहिला होता का, हे वकिलांनी विचारायलाच हवं.

एसटीआर तपासणीच्या आलेखात उजवीकडची शिखरं बुटकी होत गेलीत. हा उष्णतेचा पुरावा मानायचा का?

नाही. डावीकडून उजवीकडे तुकड्यांची लांबी वाढते, आणि तुटलेल्या डीएनएत लांब तुकडे आधी संपतात. ऊन, तांबं, ओल, जीवाणू, काळ, कशानेही हाच उतार येतो. तो पाहून कारण सांगता येत नाही.

पुंगळीवर आरोपीचा डीएनए मिळाला, म्हणजे गोळी त्याने झाडली?

एवढं सिद्ध होत नाही. काडतूस त्याने हाताळलं असण्याला बळ मिळतं, कधी हाताळलं ते कळत नाही. भरणारा एक आणि चाप ओढणारा दुसरा असू शकतो. हस्तांदोलनातून किंवा एकाच पिशवीत ठेवल्याने दुसऱ्याचा डीएनएही येऊ शकतो. उलट, डीएनए मिळाला नाही म्हणून त्याने हात लावलाच नाही, असंही म्हणता येत नाही. वर दिलेले ७ टक्के आठवा.

इतक्या कमी डीएनएत एखादं ॲलील (तपासलेल्या तुकड्याचं त्या माणसातलं रूप) गळतं, एखादं बाहेरचं येऊन बसतं, दोन-तीन माणसांचं मिश्रण निघतं. अशा प्रोफाइलसाठी "जुळतं" किंवा "जुळत नाही" एवढं पुरत नाही, शक्यतेचं गुणोत्तर लागतं, म्हणजे डीएनए या माणसाचा असेल तर हा निकाल दिसण्याची शक्यता, दुसऱ्या कोणाचा असेल तर दिसण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे हा आकडा. एसटीआरमिक्स किंवा युरोफॉरमिक्ससारख्या प्रणाली ते काढतात. अहवालात आकडा नसेल तर मागा.

संशयित नसेल तर प्रोफाइलचा उपयोग काय?

मर्यादित. ब्रिटन-अमेरिकेसारखा कायद्याने उभारलेला राष्ट्रीय डीएनए साठा आपल्याकडे नाही. त्यासाठीचं २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे प्रोफाइल जपून ठेवायचं आणि संशयित मिळाल्यावर त्याच्या संदर्भ नमुन्याशी ताडायचं. घटनास्थळी वावरलेल्या पोलिसांचे आणि पंचांचे नमुने संमतीने घेतले, तर अनोळखी प्रोफाइल त्यांचंच निघण्याचा घोळ आधीच टळतो.

कायद्याच्या दृष्टीने कोणत्या गोष्टी चुकल्या तर पुरावा अडचणीत येतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण कलम १०५ मध्ये येतं. त्या चित्रीकरणात हातमोजे बदलताना दिसले तर तपास अधिकाऱ्याच्या बाजूने त्याहून भक्कम काही नाही, आणि न दिसले तर बचाव पक्षाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मधल्या एका निकालात डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्यावर आहे, उशीर झाला तर कारण लेखी नोंदवायचं, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही ठेवायची. मालेगाव किंवा सुरगाण्याहून मुद्देमाल निघणार असेल तर प्रयोगशाळेला आधी फोन करा: डीएनएसाठी कुठे द्यायचा, बॅलिस्टिक्ससाठी कुठे, आणि आधी कोणाकडे. पुंगळी बॅलिस्टिक्सकडे आधी जमा झाली की मघाचा क्रम उलटा होतो.

रस्त्यात किंवा शेतात पुंगळी दिसली तर सामान्य माणसाने काय करावं?

हात लावू नका, ११२ ला फोन करा. पाऊस येत असेल तर स्वच्छ बादली तिच्यावर उपडी घाला, पुंगळीला धक्का न लावता. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. टोकाला गोळी बसवलेलं काडतूस असेल तर ते जिवंत आहे असंच समजा.

तीन-चार वर्षं मुद्देमालात पडलेली पुंगळी आता डीएनएसाठी पाठवण्यात अर्थ आहे का?

ती कशी ठेवली होती त्यावर अवलंबून. उघड्या हातांनी हाताळलेली, प्लॅस्टिकमध्ये हिरवी पडलेली पितळी पुंगळी असेल तर आशा फार नाही. मिळालाच डीएनए तर तो कारकुनाचा असण्याची शक्यता तितकीच. कोरड्या कागदात सीलबंद राहिलेली निकेलच्या मुलाम्याची पुंगळी, १२ बोअरचं प्लॅस्टिक, आणि त्या वेळी घेऊन सुकवून ठेवलेले स्वॅब मात्र जरूर पाठवा. यात सगळ्यात चांगली बाजी जुन्या स्वॅबची, कारण त्या दिवसापासून त्याचा पितळाशी संबंध सुटलेला असतो. पाठवताना पुंगळी कोणत्या तारखेला, कोणाच्या हातून, कोणत्या पाकिटात फिरली ते मुद्देमाल रजिस्टरच्या उताऱ्यासह कळवा, आणि अर्काचा काही भाग पुनर्तपासणीसाठी राखून ठेवावा अशी लेखी विनंती त्याच पत्रात करा.